मेजरची ट्रंक



दिवाळीपासून पानावर फारसं लिहिलं नाही. बऱ्याच जणांनी विचारलं, आल्याचं काय झालं, कंदकुज आटोक्यात आली का? आली, पण अर्धा एकर घेऊन गेली. वरच्या तुकड्यात पाणी साठतं हे माहीत होतं, तरी गादीवाफा उंच केला नाही, त्याची किंमत मोजली. खर्च, उतारा, गाडीचा भाव सगळं पुढच्या नोंदीत देतो. (बाहेरच्या वाचकांसाठी: आमच्याकडं आल्याची गाडी म्हणजे ५०० किलो.)

आजची नोंद पिकाची नाही. पण शिवारातलीच आहे. माझ्या बांधाला ज्याचा बांध लागतो त्या माणसाची. त्याला विचारून लिहितोय. "लिही, पण नाव घालू नको आणि मला बिचारा करू नको," एवढंच म्हणाला.

गावात त्याला मेजर म्हणतात. तो हवालदार म्हणून रिटायर झाला, पण आमच्या भागात शिपाई असो की सुभेदार, पेन्शन घेऊन गावात आला की तो मेजरच. साताऱ्यात फौजी घर नाही असं गाव शोधावं लागेल. अपशिंग्याच्या तर नावातच मिलिटरी आहे. मेजर आणि मी सातवीपर्यंत एका वर्गात. १९९३ ला तो बेळगावला मराठा लाईट इन्फंट्रीच्या सेंटरला गेला, मी बैलामागं गेलो. २४ वर्षं नोकरी केली त्यानं. त्यातली किती काश्मीरच्या बाजूला, ते त्यानं कधी मोजून सांगितलं नाही. २०१७ ला सुटला, मग चाकणला कंपनीत गार्ड म्हणून सात-आठ वर्षं काढली. गेल्या उन्हाळ्यात गुडघे बोलायला लागले म्हणून कायमचा गावी आला.

आणि आल्यावर चार महिन्यांत त्याला कळलं, की त्याला घर नाही.

कळलं कसं तेही सांगतो. २०२० साली सरकारनं सगळ्याच माजी सैनिकांना एका घराची घरपट्टी माफ केली. मेजरला कुणीतरी म्हणालं, अर्ज करा. सैनिक कल्याण कार्यालयाचं पत्र घेऊन तो ग्रामपंचायतीत गेला. तिथं नमुना आठचं रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं आणि समोरचा माणूस म्हणाला, "मेजर, माफी द्यायची कशाची? घर तुमच्या नावावर नाही." घर पुतण्याच्या नावावर. जुनं खालचं घर वडिलांचं, वरच्या दोन खोल्या मेजरनं रिटायर झाल्यावर बांधलेल्या. पेन्शन विकून जी एकरकमी मिळते, कम्युटेशन म्हणतात ती, त्यातली जवळजवळ सगळी त्या दोन खोल्यांत घातली होती. स्लॅबच्या दिवशी मी स्वतः पाणी मारायला होतो.

मग सातबारा काढला. तिथंही पुतण्या आणि त्याची आई.

इथं जरा थांबतो, कारण हे माझ्या वाचकांपैकी निम्म्यांच्या उताऱ्यावर असणार. मेजरचे वडील गेले तेव्हा तो राजौरीच्या बाजूला होता. घरात थोरला भाऊ. तलाठ्यानं रीतीप्रमाणं थोरल्याचं नाव लावलं आणि पुढं तीन अक्षरं लिहिली, ए.कु.मॅ. एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे नाव एकाचं, रान सगळ्यांचं, हा फक्त बघणारा. जुन्या उताऱ्यावर ते शाईनं स्वच्छ दिसतंय. पुढं कधीतरी उतारे नवे लिहिले गेले, मग कॉम्प्युटरवर चढले, आणि या प्रवासात ती तीन अक्षरं गळाली. राहिलं फक्त थोरल्याचं नाव. थोरला वारला, तेव्हा वारस म्हणून त्याची बायको आणि मुलगा लागले. कुणी खोटी सही केली नाही, कुणी पैसे चारले नाहीत. नुसती तीन अक्षरं गेली.

घराचं तसंच. गावठाणाची ड्रोननं मोजणी झाली, स्वामित्व योजनेची. चुन्याच्या रेघा मारल्या, चौकशी झाली, मिळकत पत्रिका निघाल्या. मेजर तेव्हा चाकणला नाईट शिफ्टला. घरात कोण होतं? पुतण्या. त्याचं नाव लागलं.

आता हिशोब बघा. फेरफार धरला की चावडीवर नोटीस लागते, हरकतीला १५ दिवस. मंजूर झाला की प्रांताकडं अपील करायला ६० दिवस. उशीर माफ करून घेता येतो, पण कारण पटवावं लागतं. फौजी माणूस कधी सहा महिन्यांनी तर कधी वर्षानं सुट्टीवर येतो, आल्यावर पाहुणे, जत्रा, मुलीची फी, बायकोचं दवाखान्याचं. चावडी कोण बघतंय!

मेजर पुतण्याला बोलला. पुतण्या पहिल्या दिवशी म्हणाला, "तात्या, राहा की, तुम्हाला कोण काढतंय?" दुसऱ्या वेळी म्हणाला, कागद बघा. तिसऱ्या वेळी दोघांचा आवाज आळीला ऐकू गेला. गणपतीनंतर मेजर आणि वहिनी लेकीकडं कराडला चार दिवस गेले. परत आले तर वरच्या खोल्यांना दुसरं कुलूप. सामान पडवीत आणून ठेवलेलं, नीट, ताडपत्री घालून. पुतण्याला वर भाडेकरू ठेवायचा होता.

मी तेव्हा काय केलं? काही नाही. घरचं भांडण आहे, मिटेल म्हणलं. वहिनी परत लेकीकडं गेल्या. मेजर काळी पत्र्याची ट्रंक घेऊन रानातल्या खोलीत आला. ही ट्रंक फौजी घरात सगळ्यांनी बघितली असेल, पांढऱ्या रंगात नंबर, रँक, नाव, युनिट. त्याच्या ट्रंकेवर जुनी युनिटं खोडून खोडून नवी लिहिलीत, त्यामुळं झाकणावर रंगाचा पापुद्रा आलाय. दहा बाय बाराची पत्र्याची खोली, एका बाजूला खताची पोती, दुसऱ्या बाजूला मोटारीचा स्टार्टर. मधे ट्रंक आणि बाज.

गावात लोक विचारायचे, "काय मेजर, रानात मुक्काम?" तो म्हणायचा, "राखण." आम्ही सगळे ते खरं धरून चाललो. राखण करणारा माणूस आम्हाला ओळखीचा असतो ना. रानात झोपतो म्हणजे डुकरांसाठी झोपतो. घर नाही म्हणून झोपतो हे डोक्यात येत नाही.

माझी लाईट त्या आठवड्यात रात्रीची होती. साडेबाराला मोटार चालू करून आल्यात पाणी बघत होतो, तर बांधापलीकडं बॅटरी हलली. म्हणलं चोर आहे की काय. बघतो तर मेजर. खोलीभोवती फेरी मारत होता. एका कोपऱ्याला थांबायचा, अंधारात बघायचा, पुढं जायचा. मला बघून लाजला. म्हणाला, झोप लागत नाही, दोन तासांनी जाग येतेच. मी गंमतीनं म्हणलं, आता कुणाची ड्युटी करतोयस? तर म्हणाला, "बापू, तिथं बरं होतं. समोर कोण हाय ते ठाऊक असायचं."

बाजेखाली कॅन्टीनची बाटली होती. मेजर पिणारा नव्हे. त्याच्या कोट्याची बाटली कायम पाहुण्याराउळ्यालाच जायची.

मग थोडं इकडचं तिकडचं बोललो. उसाची बिलं, कारखाना, कांद्याचं रोप. आणि मधेच त्यानं विचारलं, "बापू, माझ्या माघारी पेन्शन हिला लागंल ना सरळ? का त्यालाबी हेलपाटं?"

मंडळी, मी त्याला माहिती दिली. हो, फॅमिली पेन्शन असते, पीपीओवर वहिनींचं नाव आहे ना, मग अडचण नाही, वगैरे. शहाण्यासारखं पाच मिनिटं बोललो. खांद्यावर खोरं टाकून घरी आलो, पाय धुतले, आडवा झालो. आणि तेव्हा ते डोक्यात शिरलं. मंडळीला उठवलं, सांगितलं भावजी असं असं म्हणाले. ती म्हणाली, "आणि तुम्ही त्यांना तिथं एकटं सोडून आलात? खोलीत औषधं असतील की."

होती. तणनाशक, कीटकनाशक, सगळी. आपल्या सगळ्यांच्या रानातल्या खोलीत असतात, खुंटीला किंवा पोत्याआड. मी तसाच परत गेलो. कांद्याला मारायचं औषध संपलंय, तुझ्याकडचं दे, असं काहीतरी खोटं बोललो. तो बघत राहिला. म्हणाला, "सगळं ने." मी सगळं पाटीत घालून आणलं, आमच्या घरच्या लोखंडी पेटीत ठेवून कुलूप लावलं, किल्ली करदोट्याला बांधली. ती रात्र मी त्याच्याच बाजेवर काढली, तो ट्रंकेवर बसून होता.

माझं हे पान कृषी सहायक, दुकानदार, कंपन्यांची पोरं वाचतात म्हणून सांगतो. औषधं कुलपात ठेवा असं लेबलवर लिहिलेलं असतं, आपण ते पोराबाळांसाठी आहे समजतो. तुम्ही रोज दहा खोल्यांत डोकावता. एखादा माणूस घर सोडून खोलीत राहायला आलेला दिसला तर पिकाचं विचारून झाल्यावर आणखी दोन मिनिटं बसा.

सकाळी मी १४४१६ ला फोन लावला. टेली मानस. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलतात. खरं तर मला वाटलं होतं, पलीकडून टेप वाजेल. एक बाई बोलल्या. मी म्हणलं, माझ्यासाठी नाही, मित्रासाठी आहे. त्या म्हणाल्या, सांगा. सगळं ऐकून त्यांनी एकच गोष्ट विचारली जी मला सुचली नव्हती: तुम्ही त्यांना सरळ विचारलंत का, की जीव द्यायचा विचार येतो का? मी म्हणलं, असं कसं विचारायचं, नसलेलं डोक्यात यायचं. त्या म्हणाल्या, विचारल्यानं येत नाही, आलेला असेल तर बोलायला वाट मिळते. एकटं ठेवू नका, औषधं बाहेर काढलीत ते चांगलं केलंत, आणि आज-उद्यात डॉक्टरकडं न्या. माजी सैनिक आहेत म्हणल्यावर त्यांनी ईसीएचएसचं आठवण करून दिलं. पुढं कळलं की फौजेतल्या लोकांसाठी टेली मानसचा वेगळा कक्षच पुण्यात एएफएमसीला २०२३ च्या डिसेंबरात सुरू झालाय.

मी विचारलं. चहा करताना, त्याच्याकडं न बघता विचारलं. चुलीत बघून विचारलं म्हणलं तरी चालेल. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दोनदा आला हुता." आणि मग बोलत राहिला, दूध उतू गेलं तरी. कुपवाड्यातला एक साथीदार, त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. आणि त्याला जोडूनच कुलूप. दोन्ही एकाच वाक्यात यायचं. तिथं साथीदार गेला आणि इथं कुलूप बदललं, त्याच्या डोक्यात त्यात वीस वर्षांचं अंतर नव्हतं.

ईसीएचएस पॉलिक्लिनिकला त्याला घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टरनं मानसोपचाराला रेफर केलं, पॅनेलवरच्या दवाखान्यात, खर्च नाही. मेजर बाहेर बाकावर बसून मला म्हणत होता, कार्डावर येडा म्हणून नोंद झाली तर पेन्शन अडकंल का? हा प्रश्न तिथं आलेल्या आणखी एका फौजीनंही ऐकला आणि तो पुढं सरकून बसला, त्यालाही उत्तर पाहिजे होतं. डॉक्टरांनी हसून सांगितलं, पेन्शनला काही होत नाही. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो झोपेचा, आणि दुसरा, "झोपता कुठं?" खोलीचं सांगितल्यावर लिहायचं थांबले. म्हणाले, गोळ्या देतो, दारू बंद करा, दर पंधरा दिवसांनी या. पण राहायची जागा ठरत नाही तोवर गोळी अर्धंच काम करणार, ते कायद्याचं बघणारं कुणी आहे का?

तेव्हा आम्ही जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलो. मला वाटायचं तिथं फक्त ओळखपत्र आणि पोरांची शिष्यवृत्ती. २०२५ च्या जुलैत, कारगिल दिनाला, नालसानं म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं वीर परिवार सहाय्यता योजना काढली. त्यात सैनिक बोर्डांच्या कार्यालयांतच कायद्याच्या मदतीचे कक्ष करायचं ठरलं. ठरल्या दिवशी वकील येतात, आणि कागद लावून द्यायला एक विधी स्वयंसेवक असतो, तोही माजी सैनिक. आमच्या वाट्याला आलेला एक रिटायर नायब सुभेदार. मेजरनं त्याला उभं राहून रामराम घातला आणि पहिल्यांदा त्याचा आवाज नीट निघाला.

वकील मॅडम तरुण होत्या. त्यांनी कागद मागितले. मेजरनं ट्रंक आणली होती, जीपमधून, अख्खी. उघडली तर आत सगळं लावलेलं. सिमेंटची बिलं, सळईची, मिस्त्रीच्या हातची चिठ्ठी, बँकेचं पासबुक, ज्या तारखेला कम्युटेशन जमा झालं आणि ज्या तारखांना उचललं. थोरल्याला पाठवलेल्या मनिऑर्डरच्या पावत्या १९९० च्या दशकापासूनच्या, दोऱ्यात ओवलेल्या. मॅडम म्हणाल्या, एवढा पुरावा माझ्याकडं पक्षकार कधी आणत नाहीत.

त्यांनी जे सांगितलं ते जसं समजलं तसं लिहितो. तुमचं प्रकरण वेगळं असेल, वकिलाला विचारा.

पहिलं, कुलूप. राहत्या माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध, कोर्टाच्या हुकमाशिवाय बाहेर काढलं तर ताबा परत मिळवायला स्पेसिफिक रिलीफ कायद्याचं कलम ६ आहे. त्यात मालक कोण हे बघतच नाहीत, फक्त ताबा कुणाचा होता ते बघतात. पण मुदत सहा महिने. आमचे दोन गेले होते. "घरचं मिटेल म्हणून थांबला असता तर हा रस्ता बंद होता," त्या म्हणाल्या, आणि मी खाली बघितलं.

दुसरं, सातबारा. फेरफारानं मालकी येत नाही आणि जातही नाही, ती सारा कुणाकडून घ्यायचा याची नोंद. मालकीचा वाद दिवाणी कोर्टात. एकत्र कुटुंबातून आपल्याला वगळलंय हे कळल्यापासून १२ वर्षं मुदत असते. म्हणजे मेजरचं रान गेलेलं नव्हतं. हे ऐकून त्यानं माझ्याकडं असं बघितलं, की जणू मीच ते परत दिलं. सगळे राजी असतील तर तहसीलदाराकडं कलम ८५ खाली वाटप होतं. नमुना आठ हीसुद्धा करआकारणीची नोंद, तिचा मालकीपत्र म्हणून उपयोग नाही. मिळकत पत्रिकेचं अपील भूमी अभिलेखकडं वेगळं.

आणि नोकरीत असलेल्या पोरांसाठी त्यांनी एक सांगितलं ते मुद्दाम देतो. १९२५ चा एक कायदा आहे, सैनिकांच्या दाव्यांचा, अजून चालू आहे. युद्धाच्या किंवा खास परिस्थितीतल्या ड्युटीवर असलेल्या जवानाविरुद्ध दावा चालू असेल तर कोर्टाला तो पुढं ढकलायला लावता येतो, आणि तो काळ मुदतीत धरत नाहीत. गावातल्या एका पोराला हे कळवलं, तो आत्ता सियाचीनच्या बाजूला आहे.

मग फीचा विषय. फुकट वकिलाला आपल्या राज्यात वर्षाला तीन लाखांची उत्पन्नमर्यादा आहे. मेजरची पेन्शन त्याच्या थोडी वर. सल्ला आणि मध्यस्थी मिळेल, दाव्याला वकिलाचा विचार वेगळा करावा लागेल. मॅडमनी सहज विचारलं, "बहिणी किती?"

मेजर म्हणाला, एक, आक्का. वडूजजवळ दिलीय.

"तिचं नाव तुमच्या अर्जात का नाही?"

मेजर गप्प. मीपण गप्प. दोन महिने आम्ही, माझं नाव काढलं, माझं नाव काढलं, म्हणून बोंबलत होतो आणि हाताने लिहिलेल्या अर्जात वारस म्हणून दोघं भाऊच लिहिले होते. मॅडमनी न चिडता सांगितलं, मुलीचा हक्क जन्मानं, सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये ते पक्कं केलं, वडील २००५ च्या आधी गेले असले तरी. आणि बाईला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही.

घरी आल्यावर मी आमचा उतारा काढला. आजोबांनंतर वडिलांचं नाव, ए.कु.मॅ. माझ्या दोन आत्या कुठंच नाहीत. एक आत्या गेली, एक आहे. अजून मी अर्ज दिलेला नाही. लिहून ठेवतोय म्हणजे तुम्ही विचाराल.

मध्यस्थी तालुक्याच्या कोर्टात झाली, विधी सेवा समितीची. फी नाही. दोन बैठका झाल्या. पहिल्या बैठकीला पुतण्या ताठ. पण तो काय म्हणाला तेही लिहिलं पाहिजे. "तात्या बॉर्डरवर होते, मान्य. आजी तीन वर्षं अंथरुणावर होती तेव्हा तिचं कोणी केलं? विहिरीचं कर्ज कोणी फेडलं? २६ जानेवारीला शाळेत सत्कार तात्यांचा, आणि डेऱ्या खाली शेण आम्ही काढायचं." मेजरनं मनिऑर्डरच्या पावत्यांचा दोरा काढायला हात घातला आणि परत ठेवला. मला वाटतं तिथं काहीतरी सैल झालं. मध्यस्थ बाईंनी दोघांना वेगवेगळं बसवलं, मग एकत्र. पुतण्याला ठिबकच्या कर्जाचे हप्ते थकलेत म्हणून भाडेकरू पाहिजे होता हे आम्हाला तिथं कळलं. घरात सहा महिने भांडण चाललं होतं आणि हे कुणी बोललं नव्हतं.

ठरलं ते असं: वरच्या दोन खोल्या मेजरच्या, किल्ली परत, जिना वेगळा बाहेरून करायचा, त्याचा खर्च मेजरचा. मिळकत पत्रिकेवर सगळ्यांची नावं लावायला पुतण्या संमती देणार. लोकअदालतीत ठेवून त्यावर निवाडा घेतला. त्याला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याची किंमत असते आणि त्यावर अपील होत नाही.

रानाचं मात्र अडलंय. कारण आक्का. आम्हाला वाटलं होतं, आक्का येईल, डोळ्याला पदर लावेल, मला काय करायचंय म्हणेल, हक्कसोडावर सही करून साडी घेऊन जाईल. आक्का आली, बसली, आणि म्हणाली, "मलाबी पायजे." मेजरचं तोंड बघण्यासारखं झालं. पुतण्याचंही. त्या दोघांचं गेल्या वर्षात पहिल्यांदा एकमत झालं असावं. आक्का म्हणाली, "तुला घर न्हवतं तवा तू रडलास. मी चाळीस वर्सं बिनघराची हाय माहेरात, मला कुणी इचारलं?" कलम ८५ चा अर्ज त्यामुळं थांबलाय, पुढची बैठक चैत्रात आहे.

वहिनी परत आल्यात. बाहेरचा जिना अजून लोखंडीच आहे, तात्पुरता, चढताना वाजतो. मेजरच्या गोळ्या चालू आहेत, एक कमी झाली. दारू सोडलीय, एकदा शिमग्याला घेतली, ते त्यानं स्वतः डॉक्टरना सांगितलं. रात्री अजून दोनदा उठतो, पण आता गच्चीवर फेरी मारतो आणि खालून पुतण्याची बायको ओरडते, तात्या, जिना वाजवू नका, पोरगं उठतंय.

ट्रंक वर नेली. झाकणावर नवा पत्ता रंगवायचा का म्हणून मी विचारलं, तर म्हणाला, वाटप होऊ दे.

परवा कांद्यावर फुलकिडे दिसले म्हणून मेजर पेटीची किल्ली मागायला आला. माझा हात करदोट्याला गेला आणि तिथंच राहिला. त्याला कळलं. म्हणाला, "आज दीस किती झालं गोळ्या चालू हायती, मोज." मी म्हणलं, मोजतो, पण फवारायला मीपण येतो, पंप दोन आहेत. सहाला वारा पडल्यावर दोघांनी मिळून त्याचा अर्धा एकर मारला. उरलेलं औषध परत पेटीत.